कोकणच्या पावसात टिकेल असा रिले-बॉक्स

गाडीच्या जादा दिव्यांचे रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालणारे विजेचे खटके, ठेवायचा डबा म्हणजे रिले-बॉक्स. माझा पहिला रिले-बॉक्स मी सिलिकॉन थापून अगदी हवाबंद केला होता. झाकणाच्या कडेने, वायरी जिथून बाहेर पडतात त्या ग्लँडभोवती, स्क्रूच्या डोक्यांवरसुद्धा. जूनमध्ये बसवला. ऑगस्टमध्ये कुंभार्ली घाट उतरताना टपावरची एलईडी पट्टी बटण बंद केलं तरी विझेना. समोरून येणारे ट्रकवाले जे बोलायचं ते बोलले. शेवटी बॉनेट उघडून फ्यूज उपटला तेव्हा काळोख झाला. चिपळूणला येऊन झाकण उचकटलं तर आत अर्धी वाटी पाणी, आणि त्यात चार रिले गंजून तांबडे झालेले. एकाची आतली पत्ती चिकटूनच बसली होती.

बोटींच्या इंजिनांची वायरिंग करणाऱ्या एका काकांना तो डबा नेऊन दाखवला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "तुझ्या घराची कौलं सिलिकॉनने चिकटवलीस काय रे?"

"नाही काका."

"मग पाऊस आत का येत नाही? कौल तिरकं आहे, पागोळी बाहेर पडते, म्हणून. डब्याचंही तसंच कर. पाणी येणारच. ते जायची वाट ठेव."

त्यानंतर बांधलेला बॉक्स अजून चालू आहे. तो कसा बांधला ते लिहितो. गाडी जीप, बोलेरो, जिप्सी, थार कोणतीही असो, बारा व्होल्टच्या गाडीला हिशोब हाच.

रिले नेमकं काय करतो

टपावरच्या पट्टीला दहा अँपिअर लागतात. तेवढा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला तर बटण तापतं, जाड वायर केबिनमध्ये आणून परत बाहेर न्यावी लागते, आणि लांबलचक वायरीत व्होल्टेज पडतं ते वेगळंच. रिलेमध्ये एक छोटं वेटोळं असतं, म्हणजे कॉइल. ती सुमारे दीडशे मिलिअँपिअर खाते, आतली पत्ती ओढते, आणि पत्ती मोठा करंट जोडते. म्हणजे बटणाकडे नुसता इशारा राहतो. ओझं बॅटरीजवळच्या रिलेवर पडतं.

रिलेच्या पायांचे, म्हणजे पिनांचे, आकडे पाठ करा: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्याकडे जाणारी. हे आकडे जर्मन डिन ७२५५२ मानकातले आहेत, त्यामुळे कंपनी बदलली तरी आकडे बदलत नाहीत. पायांची जागा मात्र बदलते. बाजारात दोन मांडण्या आहेत, त्यांत ३० आणि ८६ यांची अदलाबदल असते. म्हणून जुन्या रिलेच्या जागेवरून नव्याची जोडणी करू नका; रिलेच्या पोटावर छापलेला आकडा वाचूनच वायर घाला.

पाच पायांच्या रिलेचा आणखी एक घोळ आहे. मधला पाय ८७ए असेल तर तो कॉइल बंद असताना जोडलेला असतो. मी एकदा मागचा दिवा चुकून त्यावर लावला होता. बटण दाबलं की दिवा बंद, सोडलं की चालू. रात्रभर अंगणात दिवा जळला आणि सकाळी बॅटरी आडवी. आपल्या कामाला चार पायांचा, चाळीस अँपिअरचा साधा रिले पुरतो. मिळेल तर आतच डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा रेझिस्टर असलेला घ्या, कारण कॉइल बंद होताना उलटा झटका देते आणि नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो मानवत नाही. साधाच मिळाला तर १एन४००७ डायोड ८५ आणि ८६ च्या मध्ये लावा. त्याची पांढरी पट्टी ८६ कडे, आणि ८६ लाच बटणाची प्लस वायर. हे उलटं झालं तर बटण दाबताक्षणी बटणाचा फ्यूज जाईल, फार काही बिघडणार नाही.

आधी वही, मग पक्कड

काय काय जोडायचं ते लिहून काढा. माझ्याकडे चार गोष्टी होत्या. टपावरची १२० वॅटची एलईडी पट्टी, म्हणजे १० अँपिअर. आंबोली-गगनबावड्याच्या धुक्यासाठी पुढे ५५ वॅटचे दोन पिवळे हॅलोजन, मिळून ११० वॅट, म्हणजे ९ च्या आसपास. टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर, त्याच्या पाटीवरच १५ लिहिलंय. मागे १८ वॅटचे दोन छोटे एलईडी, ३ अँपिअर. बेरीज ३७.

वॅटला बाराने भागायचं, एवढंच गणित. पण ही बेरीज अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, आकड्याशेजारी ठेवून बघा. जुन्या जीपचा अल्टरनेटर आधीच लहान असतो, त्यात पावसात वायपर, हेडलाइट, ब्लोअर चालूच. सगळं एकदम लावलं तर उरलेला करंट बॅटरीतून जातो. मी कंप्रेसर आणि टपावरची पट्टी एकाच वेळी चालवत नाही.

विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, या बॉक्समध्ये अजिबात आणू नका. मोठी विंच भर ओढीला चारशे अँपिअरच्या घरात जाते. तिची जाड केबल आणि तिचा सोलेनॉइड, म्हणजे तिचा मोठा रिले, थेट बॅटरीशी.

वायर: कल्हई केलेली मिळाली तर सोनं

दुकानात "अडीच एमएम" मागितली की अडीच चौरस मिलिमीटरची वायर देतात. जाडी का महत्त्वाची, ते आकड्यांत पाहा. बॉक्सपासून टपापर्यंत चार मीटर, परत अर्थचे, म्हणजे मायनसकडे येणाऱ्या वायरीचे, चार मीटर, एकूण आठ. एक एमएमच्या तारेतून दहा अँपिअर नेले तर साधारण १.४ व्होल्ट वाटेतच संपतात. अडीच एमएममध्ये हाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. दिवा भारी घेऊन वायर हलकी घालणं म्हणजे विहिरीला पंप बसवून पाइप शाईच्या पेनाच्या नळीचा लावणं.

माझ्या बॉक्समध्ये पट्टीला आणि धुक्याच्या दिव्यांना अडीच, कंप्रेसरला चार, मागच्या छोट्या दिव्यांना दीड. बॅटरीपासून बॉक्सपर्यंत १० एमएम. बटणांच्या वायरी पाऊण एमएमच्या चालतात. घरातल्या फिटिंगची एकाच कडक तारेची वायर गाडीत नको, हादऱ्याने मोडते. बारीक तारांची मऊ वायर हवी.

आता कोकणापुरती खास गोष्ट. खारा वारा तांब्याला सोडत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी कशी कळकते, हिरवट होते, तसंच वायरीच्या टोकाला होतं. आणि हा हिरवा कळक प्लास्टिकच्या आवरणाखाली वीत-दीड वीत आत सरकत जातो. बाहेरून वायर नवी, आत तारा काळ्या. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेला कथलाचा लेप असलेली वायर. सोलल्यावर ती तांबूस न दिसता चंदेरी दिसते. मोटारीच्या दुकानात ती क्वचित असते. बंदरावर बोटींचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. महाग पडते. सगळीकडे जमत नसेल तर निदान बॉनेटखालच्या आणि बाहेरच्या वायरींना तीच घाला, केबिनमध्ये साधी चालेल.

डबा आणि त्याची भोकं

विजेच्या दुकानात पॉलिकार्बोनेटचा, रबरी गॅस्केटचा, आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा दर्जा) लिहिलेला जंक्शन बॉक्स मिळतो. साधारण आठ बाय सहा इंच, तीन-चार इंच खोल. चार रिले, सहा घरांचा फ्यूज-ब्लॉक आणि अर्थची पट्टी मावून हात जाईल एवढी जागा उरते. पत्र्याचा डबा घेऊ नका. गंजतो, आणि आत सुटी वायर टेकली की शॉर्ट.

आता तो हवाबंद डबा पाण्याने का भरला, ते सांगतो. इंजिन तापलं की डब्यातली हवा तापून फुगते आणि फटीतून बाहेर जाते. मग गाडी वहाळात उतरते, डबा एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि डबा श्वास घेतल्यासारखा बाहेरचं ओढतो. त्या वेळी गॅस्केटवर पाणी असेल तर पाणीच ओढतो. वर सिलिकॉन थापलेलं, त्यामुळे आलेलं पाणी बाहेर जात नाही. दर फेरीला चमचाभर जमलं तरी आषाढ संपेपर्यंत वाटी भरते.

म्हणून डबा उभा बसवा आणि सगळे ग्लँड खालच्या बाजूला घ्या. वरच्या आणि बाजूच्या भिंतींना एकही भोक नको. तळाला सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात पाच मिलिमीटरचं एक उघडं भोक पाडा. दोन मिलिमीटरचं पाडलं तर थेंब त्यात अडकून बसतो, गळत नाही. डबा त्या कोपऱ्याकडे किंचित कलता ठेवा. आणि बाहेर आलेली प्रत्येक वायर ग्लँडच्या खाली चार बोटं झोळ देऊन मगच वर न्या. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या टोकाला येऊन टपकतं, ग्लँडपर्यंत चढत नाही. हीच काकांची पागोळी.

जागा बॅटरीच्या शेजारी, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, जितकी उंच मिळेल तितकी. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. झाकण उघडायला वर हात जातो की नाही ते बसवण्याआधी बघा, भोकं पाडल्यावर नको. नटबोल्ट स्टेनलेसचे, खाली स्प्रिंग वॉशर. आपल्याकडच्या चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्यांवर साधा नट एका हंगामात सैल होतो.

आतली मांडणी

पुठ्ठा डब्याच्या मापाने कापा, त्यावर रिले आणि फ्यूज ठेवून पाहा. जमलं की तेच माप हायलम शीटवर, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कडक फळीवर, काढा. सगळं सामान त्या शीटवर बाहेरच बसवायचं, आणि तयार शीट डब्यात चार स्क्रूंनी. डब्यात डोकं घालून वायरी जोडत बसलं की मान आणि काम दोन्ही वाकडं होतं. रिलेचे पाय खाली येतील असे सॉकेट लावा, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साचत नाही.

तयार मिळणाऱ्या सॉकेटला आधीच चार-पाच वायरी लावलेल्या असतात. त्या बहुतेक वेळा बारीक असतात, आवरण जाड आणि आत तारा मोजक्या. सुट्या टर्मिनलचं सॉकेट घेऊन आपल्या वायरी घाला.

करंटची वाट अशी: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज, तिथून १० एमएमची वायर फ्यूज-ब्लॉकच्या सामाईक पट्टीला. ब्लॉकमधून प्रत्येक फ्यूज आपापल्या रिलेच्या ३० ला. ८७ वरून वायर ग्लँडमधून बाहेर, दिव्याकडे. सगळे ८५ एकत्र करून अर्थच्या पट्टीला. ८६ वर बटणाची वायर.

तो वीतभराचा नियम मोडू नका. फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर तिला थांबवणारं कुणी नाही, ती लाल होऊन पेट घेते. म्हणून बिनफ्यूजची वायर जितकी आखूड तितकी बरी.

फ्यूजचे रंग: १५ निळा, २० पिवळा, साडेसात तपकिरी. पट्टी आणि धुक्याचे दिवे निळ्यावर, कंप्रेसर पिवळ्यावर, मागचे तपकिरी. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणारे महाभाग आहेत. तो जातोय तर का, ते शोधा.

अर्थला तेवढाच मान द्या जेवढा प्लसला. आपल्याकडच्या गाड्यांचा पत्रा गंजतो, आणि रंग न खरवडता मारलेला अर्थचा स्क्रू पहिल्याच पावसात रुसतो. बॉक्समधल्या अर्थच्या पट्टीपासून १० एमएमची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसकडे न्या. दिव्यांच्या अर्थ वायरीही बॉक्सपर्यंत परत आणा. नव्या गाडीत मायनसच्या टर्मिनलवर सेन्सरची डबी असेल तर टर्मिनलवर न जोडता, कंपनीची मायनस केबल चॅसीला जिथे बोल्ट केलेली असते तिथे जोडा.

थिंबल दाबणं

थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण. सगळ्या कामात माझा सर्वाधिक वेळ इथे जातो. पकडीने चेपलेलं थिंबल दिसायला घट्ट, पण आत तारांमध्ये पोकळी राहते. त्या पोकळीत खारी हवा शिरते. म्हणून क्रिम्पिंगचं दातेरी हत्यार घ्या, पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारं.

वायर सोला, तारा एकही न कापता. बोटांनी पिळू नका, सरळच राहू द्या. सोललेलं टोक थिंबलच्या नळीत पूर्ण जाऊन पलीकडे तांदळाएवढं दिसलं पाहिजे. दाबा. मग एका हातात वायर, एका हातात थिंबल, आणि जोर लावून ओढा. निघालं तर आत्ता निघालेलं बरं. त्यानंतर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळा, कडेने गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की समजा पाणी अडलं. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची असते. मी दर वेळी एक तरी विसरतो.

सोल्डर करू का, असं विचारतात. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि हादऱ्याने वायर बरोबर तिथेच तुटते. गाडीत मी करत नाही. काळी टेप वायरींचं गाठोडं बांधायला ठीक. पाणी अडवायला तिचा उपयोग नाही. उन्हाळ्यात चिकट होते, पावसात सुटते.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल, म्हणजे नंबर छापलेली छोटी कडी, घाला आणि तेच नंबर कागदावर लिहून, कागद प्लास्टिकमध्ये घालून झाकणाच्या आत चिकटवा. शेजारी एक जादा रिले आणि तीन फ्यूज.

केबिनमधली बटणं

हा भाग सोपा. पत्र्यातून वायरी नेताना कंपनीच्या रबरी बुचातूनच न्या, नवं भोक पाडलंच तर त्याला ग्रॉमेट, म्हणजे रबरी कडं, घाला. उघड्या पत्र्याची धार सुरीसारखी असते. बटणांना करंट किल्ली चालू असतानाच येणाऱ्या फ्यूजवरून, मध्ये ३ अँपिअरचा छोटा फ्यूज घालून घ्या. म्हणजे गाडी बंद केली की सगळं बंद. मागचे दिवे मात्र मी कायम करंटवर ठेवलेत, रात्री सामान उतरवताना किल्ली लावायला नको म्हणून. आत छोटा दिवा असलेल्या बटणाला तिसरा पाय अर्थचा असतो. तो राहिला तर बटण चालतं, फक्त त्यातला दिवा लागत नाही. नव्या गाडीत हेडलाइटच्या वायरी कापून त्यावर काही जोडू नका, तिथे कंट्रोल मॉड्यूल असतो आणि वॉरंटीचा वाद होतो.

पहिल्यांदा करंट सोडताना

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, जोडताना तो शेवटी. प्लस खोलताना पाना पत्र्याला लागला तरी मग ठिणगी उडत नाही.

सगळं जोडल्यावर मुख्य फ्यूज लगेच घालू नका. त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. बटणं सगळी बंद. बल्ब लागला नाही तर ठीक. लख्ख लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब दोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही; निवांत शोधा. मग एकेक बटण दाबून रिलेची टकटक ऐका. या वेळी दिवे न लागता बल्बच पेटेल, त्याची काळजी नको.

आता खरा फ्यूज घाला, इंजिन चालू करा, दिवा लावा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या प्लसवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग तसंच मायनस ते मायनस, तिथे ०.३ च्या आत. जास्त आला तर सुई एकेका जोडावर सरकवत या. ज्या जोडापाशी आकडा उडी मारतो तो जोड कच्चा. दहा मिनिटं दिवा चालू ठेवून फ्यूज आणि थिंबलला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको.

रस्त्यावर टपावरची पट्टी झाकलेलीच ठेवा, समोरच्याला आंधळं करून घाट चढण्यात शहाणपण नाही. आणि वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर गाडीच नको, दिवे तर नकोतच. कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. वाळूत रुतलेल्या पर्यटकाला ओढून काढायला मी जातो, पण पुळणीच्या वर उभा राहून, लांब दोर टाकून.

दुखणं ओळखणं

बटण दाबल्यावर रिले टकटकला पण दिवा नाही, तर दोष ३० ते ८७ च्या वाटेवर: फ्यूज, दिव्याचा जोड किंवा अर्थ. टकटकच नाही, तर बटणाची वायर किंवा ८५ चा अर्थ. टकटक सतत, मधमाशीसारखी गुणगुणत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा कॉइलचा जोड सैल आहे. शेजारच्या रिलेची अदलाबदल करून पाहिली की निम्मे प्रश्न जागेवर सुटतात. म्हणूनच सगळे रिले एकाच जातीचे घ्यावेत.

मृग लागायच्या आधी एकदा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला एकदा झाकण उघडतो. थिंबल हलवून पाहतो, बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावतो, गॅस्केट पुसतो. आणि तळाचं भोक न चुकता बघतो, कारण गाडी आठ दिवस मांडवात उभी राहिली की कुंभारीण माशी त्यात मातीचं घरटं करते. झावळीचा हीर घालून ते मोकळं करायचं. दोन वर्षांपूर्वी हे राहिलं होतं, तेव्हा पुन्हा चमचाभर पाणी निघालं.